आत जाणाऱ्या पिशव्या

पांतेलिसने डाव्या खिशातला एक फुटाणा काढून उजव्या खिशात टाकला. मग जरा थांबला, आणि तोच फुटाणा परत डाव्या खिशात टाकला.

रस्त्यापलीकडच्या दुकानातून बाहेर पडलेल्या बाईच्या हातात पिशवी होती खरी, पण तिच्यातून कोथिंबीर डोकावत होती. त्या दुकानात कोथिंबीर मिळत नव्हती. म्हणजे ती पिशवी धरायची नाही.

मंगळवार होता. ऑगस्टचा, ऐन हिवाळ्यातला वारा प्लेन्टी रोडवरून सरळ अंगावर येत होता. ट्रामच्या थांब्यावरच्या या बाकावर तो कालपासून बसला होता, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये अर्धा तास जेवायला. ट्राम यायची, दार उघडायचं, हा माणूस हलत नाही असं बघून दार मिटायचं.

दुकानाची जागा विकत घ्यायची तर आधी आठवडाभर तिच्यासमोर बसायचं आणि बाहेर येणाऱ्या पिशव्या मोजायच्या. माणसं मोजायची नाहीत. माणसं वाऱ्यामुळे आत शिरतात, कोणाला तरी टाळायला शिरतात. पिशवी मात्र खोटं बोलत नाही. त्याच्या पिढीच्या ग्रीकांनी या रस्त्यावरची निम्मी दुकानं अशीच घेतली होती. बँकवाले कागद बघायचे, हे लोक समोर बसायला जागा बघायचे. एक पिशवी, एक फुटाणा. संध्याकाळी उजवा खिसा मोजायचा आणि तिथेच बसून खाऊन टाकायचा.

काल संध्याकाळी उजव्या खिशात तीन फुटाणे निघाले होते. तीन तर तीन. मंदीत त्याने इतके कमीही पाहिले होते. त्याला उमजत नव्हतं ते वेगळंच. लोक पिशव्या घेऊन आत जात होते. पुठ्ठ्याची खोकी, करड्या प्लास्टिकची पाकिटं, चिकटपट्टी लावलेली गाठोडी. काल एकेचाळीस जण काही ना काही घेऊन आत गेले आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. दुकानातली बाई शिवाय त्यांना हसून निरोप देत होती. फुटाणे उलटे टाकावेत, उजवीकडून डावीकडे, तर उजव्या खिशात तेवढे नव्हतेच.

आपलं डोकं तर फिरलं नाही ना, असं त्याला काल रात्री दोनदा वाटून गेलं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता त्या दुकानाच्या दारातच जागेचा लिलाव होता. काचेला भलामोठा फलक लावलेला होता. कॅमरन नावाचा दलाल दिवसातून दोन-तीनदा कोणाला तरी जागा दाखवायला आणायचा. दारात उभा राहून तो पांतेलिसकडे बोट करायचा आणि मग हात हलवायचा. पांतेलिसही हात हलवायचा. पोरगा बरा दिसत होता. फक्त त्याला पीट म्हणायचा, पण तसं तर सगळेच गोरे म्हणायचे.

पैसे तयार होते. चौतीस वर्षं त्याने आणि त्याच्या बायकोने, एव्दोकियाने, मासे तळले होते. ती आजारी पडल्यावर फिश अँड चिप्सचं दुकान जागेसकट विकलं, आणि गेल्या ऑक्टोबरात ती गेली. तेव्हापासून पैसे बँकेत पडून होते. पर्थला राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आता दुकानं नको. गोदामांत गुंतवा. लोक दुकानात जातच नाहीत."

"मग गोदामात जातात?"

"तिथेही कोणी जात नाही. म्हणूनच तर."

पांतेलिस शहात्तर वर्षांचा होता. या पैशाने चूक झाली तर दुसरी चूक करायला काही उरणार नव्हतं. आणि त्यातले निम्मे पैसे एव्दोकियाचे होते. ते त्याला एकट्याला, तिला न विचारता, कुठे तरी ठेवायचे होते.

बुधवारी सोतिरिस आला. हा पूर्वी न्हावी होता. आता दुकान भाड्याने देऊन दिवसभर लोकांना सल्ले देत हिंडायचा. त्याने कॉफीचे दोन पेले बाकावर ठेवले.

"काय रे, अंडी उबवतोयस का? पिल्लं कधी निघणार?"

"शुक्रवारी."

"थंडीनं तूच निघशील त्याआधी." तो शेजारी टेकला आणि त्याने पांतेलिसच्या कोटाच्या उजव्या खिशात हात घालून दोन फुटाणे तोंडात टाकले.

पांतेलिस त्याच्याकडे बघत राहिला. "गाढवा, ती मोजणी होती."

"म्हणजे मी दोन गिऱ्हाइकं खाल्ली?"

"सकाळपासून तेवढीच आली होती."

सोतिरिस हसता हसता ठसकला. मग डोळे पुसून म्हणाला, "दोन म्हणजे वाईट नाही. तुझं मासळीचं दुकान घेतलंस तेव्हा किती मोजली होतीस? अकरा. आख्खा उन्हाळा माझ्या खुर्चीत बसून रडत होतास. अकरा पिशव्या, सोतिरिस, दिवसाला अकरा. तिथे दुकान नाही, थडगं आहे म्हणत होतास."

"मी? मी मोजून बघितलं म्हणून तर ते घेतलं."

"तू नाही म्हणत होतास. एव्दोकियाने घेतलं. आईची गावाकडची जमीन विकून आलेले पैसे तिने त्यात घातले. तू महिनाभर तिच्याशी बोलला नव्हतास. माझ्या बायकोने तुम्हा दोघांना जेवायला बोलावून मिटवलं ते."

पांतेलिसने पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. त्याला ते जेवण आठवत होतं. कोकराचं मटण होतं. ते कशासाठी होतं, हे मात्र आठवत नव्हतं. इतकी वर्षं तो पोरांना, जावयाला, बँकेच्या माणसाला सांगत आला होता, मी आठवडाभर समोर बसलो, पिशव्या मोजल्या, मग घेतलं. हे सांगताना एव्दोकिया तिथेच असायची. ती एकदाही काही बोलली नव्हती.

"मग तिने कशावरून घेतलं?"

"मला काय माहीत? बायको तुझी होती." सोतिरिस जरा वरमला. "ती आत जायची ना. तू बाहेर मोजत बसायचास आणि ती आत."

ते खरं होतं. तो बाकावर बसायचा आणि ती काहीतरी किरकोळ घ्यायला म्हणून आत जायची. पाव, सुतळी, काहीही. तासभर बाहेर यायची नाही. तो चिडायचा, की मोजणीत एक पिशवी फुकट वाढते. ती आत काय करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पाच जण खोकी घेऊन आत गेले तोवर तो बसून राहिला. मग उठला, रस्ता ओलांडला आणि दार ढकललं.

दुकान लांबट होतं. मोजे, छत्र्या, मोबाइलची कव्हरं असलेली एक मांडणी होती. मागची सगळी भिंत खोक्यांनी भरली होती. गल्ल्यामागच्या बाईने डोक्याला पांढरी ओढणी गुंडाळली होती. छातीवरच्या पट्टीवर तिगिस्त असं नाव होतं. ती इथिओपियाची असावी.

"पार्सल द्यायचंय?"

"नाही."

"न्यायचंय?"

"नाही."

"मग काही विकत घ्यायचंय?" तिन्हींत हाच प्रश्न सगळ्यात विचित्र असावा तसं तिने विचारलं.

त्याने मांडणीवरचा हातमोज्यांचा एक जोड काढून दिला. तिने पैसे घेतले. आता पुढे काय करायचं ते त्याला कळेना. एव्दोकिया इथून पुढे तासभर काय करायची? तो हातमोजे हातात धरून तसाच उभा राहिला.

तिगिस्तने गल्ल्याखालून एक स्टूल ओढून पुढे सरकवलं. "बसा आजोबा. बाहेर बसताच ना, आत बसा."

"तू पाहिलंस मला?"

"सोमवारी वाटलं, पार्सल कंपनीचा माणूस आहे, माझ्यावर नजर ठेवायला आलाय. मंगळवारी वाटलं, नगरपालिकेचा आहे. काल माझ्या सासूने काचेतून बघितलं आणि म्हणाली, कोणाचा नाही, बायको गेलेली दिसतेय."

तो बसला. एक मुलगा करडं पाकीट घेऊन आला, फोन दाखवून गेला. तिने पाकिटावर यंत्र टेकवलं आणि ते मागे फेकलं.

"हे सगळे आणतात काय?"

"परत करतात. फोनवर तीन मागवतात, एक ठेवतात, दोन इथे आणून देतात. मला दर पाकिटामागे चाळीस सेंट."

पांतेलिसने मनात हिशोब करून बघितला आणि सोडून दिला. "आणि भाडं?"

"नवरा टॅक्सी चालवतो."

एक बाई खोकं घेऊन आली. खोकं उघडं होतं. तिगिस्तने न विचारता ते त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने झाकणाच्या कडा दाबून धरल्या आणि तिने चिकटपट्टी लावली. बाई गेल्यावर ती पट्टीचं टोक नखाने सोडवत म्हणाली, "तुम्ही हे घेणार आहात?"

"माहीत नाही. उद्या लिलाव आहे."

"घेणार असाल तर ऐका. पुढच्या महिन्यात कंपनी स्टेशनपाशी लोखंडी कपाटं बसवतेय. लोक तिथेच पार्सल टाकतील, रात्री-अपरात्री. मला पत्र आलंय. नाताळपर्यंत मी इथे नसेन."

"दलालाला ठाऊक आहे?"

"मालकाला आहे. म्हणाला, शुक्रवारपर्यंत तोंड मिटून राहिलीस तर डिपॉझिट बिनबोभाट परत देतो. नाहीतर भिंतींचा रंग, फरशीचे टवके, सगळं कापून घेईन. तेव्हा तुम्ही पण बोलू नका, कोणालाच."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत. बाकी सगळे येतात, छताकडे बघतात, जातात."

त्याने कोणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला. आणखी चार खोक्यांच्या कडा दाबून तो बाहेर आला तेव्हा पाऊण तास झाला होता. बाकावर बसून त्याने दुकानाकडे बघितलं. आता सगळं ठाऊक होतं. बाहेरचंही, आतलंही. आता तरी नको म्हणणं सोपं असायला हवं होतं. पण मासळीच्या दुकानात एव्दोकियाने आत जाऊन काय ऐकलं असेल? अकरा पिशव्यांच्या दुकानदाराने काही चांगलं थोडंच सांगितलं असणार? तरी तिने घेतलं, आणि चौतीस वर्षं ते चाललं. वाईट ऐकून ती हो कशी म्हणाली? तिने आणखी काहीतरी बघितलं असणार. ते त्याला दिसत नव्हतं. विटा चांगल्या होत्या, छत कोरडं होतं, ट्राम दारात होती. मन एकदा इकडे, एकदा तिकडे होत होतं. पाच वाजता तो उजवा खिसा न मोजताच घरी गेला.

शुक्रवारी पदपथावर तीसेक माणसं जमली होती. त्यातली निम्मी नुसती बघायला आली होती. पांतेलिसने काळा सूट घातला होता, एव्दोकियाच्या अंत्यसंस्काराला घातलेला. दुसरा त्याच्याकडे नव्हता. आतल्या खिशात अनामत रकमेचा बँकेचा धनादेश होता. तो काचेपाशी उभा राहिला. आत तिगिस्त पाकिटं लावत होती. तिने वर बघितलं नाही.

लिलाव पुकारणाऱ्याने रस्त्याची, ट्रामची, ग्राहकांच्या वर्दळीची स्तुती केली. नेमकी त्याच वेळी दोन माणसं खोकी घेऊन आत शिरली आणि लोक हसले. बोली नऊ लाख डॉलरवर सुरू झाली. फुगीर जाकीट घातलेला एक माणूस होता, आणि एक तरुण जोडपं होतं. नेपाळी असावेत. बाईच्या खांद्यावर मूल झोपलं होतं. नवरा हात वर करायचा, पण त्याआधी दोघं दर वेळी मान वळवून पांतेलिसकडे बघायचे.

"पीट," पुकारणारा म्हणाला, "तुम्ही अजून मैदानात उतरला नाहीत."

पांतेलिसचा हात खिशातल्या धनादेशावर होता. वर करावा, असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा, कोणी तरी कोपराने ढोसून हो किंवा नाही म्हणेल म्हणून तो थांबला. कोणी ढोसलं नाही.

जाकीटवाला दहा लाख चाळीस हजारांवर गेला. जोडपं दहा लाख साठ हजारांवर गेलं आणि तिथे थांबलं. मालकाने ठरवलेला आकडा त्याहून वर होता. हातोडा पडला नाही. आता रीतीप्रमाणे सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला आत नेऊन आधी त्याच्याशी बोलायचं. तो नाही म्हणाला तर पुढच्याशी.

कॅमरनने जोडप्याला आत नेलं आणि जाता जाता पांतेलिसच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ नका हं पीट. समोरच बसा, तुमच्या जागेवर. त्यांना दिसाल असे."

तो रस्ता ओलांडून बाकावर येऊन बसला. कुठे बसायचं हे कोणी तरी सांगितलं, याचंच त्याला बरं वाटलं होतं. काचेतून कॅमरनचा हात दिसत होता, कागद दिसत होते. नवरा वाकून काहीतरी वाचत होता. दहाएक मिनिटांनी ती बाई मुलाला घेऊन एकटीच बाहेर आली आणि गाड्या चुकवत त्याच्याकडे आली.

"अंकल, मी सिर्जना. एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही कितीपर्यंत जाणार आहात?"

"मी?"

"कॅमरन म्हणतोय, आम्ही आणखी साठ हजार दिले नाहीत तर तुम्ही देणार. आम्ही दोघं हॉस्पिटलात कामाला आहोत. सहा वर्षं रात्रपाळ्या करून जमवलेत. घराची वीटही नाही घेतली अजून. हे आधी घ्यायचं, मग भाड्यातून घर, असं ठरवलंय." मुलाने मान हलवली, तिने ती परत खांद्यावर टेकवली. "आम्हाला इथे बसायला वेळ कुठला? पण सोमवारी जागा बघायला आलो तेव्हा कॅमरनने तुम्हाला दाखवलं. म्हणाला, ते म्हातारे ग्रीक उगाच नाही बसत, या रस्त्यावरची सगळी दुकानं त्यांनी अशीच ओळखली. मग आम्ही रोज ड्युटीवरून घरी जाताना गाडी इकडून घ्यायचो. तुम्ही असायचात. दीपेंद्र, माझा नवरा, म्हणायचा, त्यांनी मोजलंय ना, मग आपण वेगळं कशाला मोजायचं."

पांतेलिसने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं होती. त्याच्या तोंडाशी कपाटं आली, चाळीस सेंट आले, टॅक्सी आली. काचेपलीकडे तिगिस्त आता गल्ल्याशी उभी राहून सरळ त्याच्याकडे बघत होती.

"पोरी," तो म्हणाला, "मी पाच दिवस बसलो. मला काहीही कळलेलं नाही."

तिच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं. हुशार माणसाला पकडल्यावर येतं तसं.

"तुम्ही असंच म्हणाल असं कॅमरन म्हणाला होता."

"मी खरं सांगतोय."

"हो, तो म्हणाला, वाईट आहे म्हणतील, कळत नाही म्हणतील, आणि आम्ही गेलो की स्वस्तात घेतील." ती रागावलेली नव्हती. उलट तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. "म्हणजे तुम्हाला हवंय. ठीक आहे. मी दीपेंद्रला सांगते, देऊन टाक."

"थांब."

ती थांबली. जे बोलता आलं असतं ते न बोलण्याचा त्याने शब्द दिला होता, आणि जे बोलला ते तिने उलटं ऐकलं होतं. दुकानाच्या दारात कॅमरन पेन हातात घेऊन उभा राहिला होता.

ट्राम आली. दार उघडलं. पांतेलिस उठला.

"अंकल, त्याने तुम्हाला थांबायला सांगितलंय," सिर्जना म्हणाली.

तो पायरी चढून आत गेला. गुडघे आखडले होते, म्हणून दांड्याला धरून वळावं लागलं. दार मिटलं. पलीकडून कॅमरनने दोन्ही हात वर करून काहीतरी हाक मारलेली त्याला दिसली, ऐकू आली नाही. ट्राम बंडूराकडे जाणारी होती. त्याचं घर दुसऱ्या बाजूला होतं.

तो मागच्या काचेपाशी जाऊन उभा राहिला. सिर्जना जागच्या जागी उभी होती, आधी ट्रामकडे बघत, मग दुकानाकडे. मूल तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं. कॅमरन रस्ता ओलांडायला निघाला तशी तिने हात पुढे करून त्याला तिथेच थांबवलं, आणि बाकावर बसली. एक माणूस खोकं घेऊन दुकानात शिरला होता. तो बाहेर कसा येतो, ते ती बघत होती.